एका फसव्या संख्येच्या कसोटीवर पारी/जीपी

संख्यांचे गुणधर्म सांगणारी साधने आता भरपूर उपलब्ध आहेत. मोठी पूर्ण संख्या टंकली की ती मूळ आहे की संयुक्त, तिचे मूळ अवयव कोणते, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, द्विमान पद्धतीत ती कशी लिहायची, ही माहिती पाठोपाठ समोर येते. या गर्दीत मला ज्याच्यावर मनापासून विसंबावेसे वाटते ते साधन म्हणजे पारी/जीपी. त्याचे परीक्षण लिहिताना वैशिष्ट्यांची जंत्री देण्यापेक्षा एकच संख्या हाती घ्यावी आणि ती शेवटपर्यंत तपासावी असे मी ठरवले. ती संख्या आहे ३,२१,५०,३१,७५१, म्हणजे तीन अब्ज एकवीस कोटी पन्नास लाख एकतीस हजार सातशे एक्कावन्न.

ही संख्या मी सहज उचललेली नाही. कार्ल पॉमरन्स, जॉन सेल्फ्रिज आणि सॅम्युएल वॅगस्टाफ या तीन गणितज्ञांनी १९८० मध्ये २५ अब्जांपर्यंतच्या फसव्या संख्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २, ३, ५ आणि ७ या चारही पायांवर (पाया म्हणजे कसोटीसाठी निवडलेली संख्या; कसोटी पुढे सांगितली आहे) घेतलेल्या कडक कसोटीतून मूळ संख्येसारखी सहीसलामत सुटणारी, पण प्रत्यक्षात संयुक्त असलेली संख्या त्या मर्यादेत एकच आहे, आणि ती हीच. संख्यांचे कोणतेही नवे साधन हाती आले की मी त्याला सर्वप्रथम हीच संख्या देतो.

भ्रमणध्वनीवरच्या अशाच एका अ‍ॅपने मला तिचे उत्तर ‘मूळ संख्या’ असे दिले होते. ते अ‍ॅप दिसायला देखणे होते, त्याचे पानही सुबक मांडलेले होते, आणि अंकांची बेरीज २८, द्विमान रूपातील अंक ३२ ही माहिती अचूक होती. परंतु मूळ असण्याविषयीचे एक विधान चुकले आणि त्याच्या आधाराने काढलेले बाकी सगळे त्याबरोबर चुकत गेले: विभाजक दोनच, विभाजकांची बेरीज त्या संख्येपेक्षा केवळ एकने जास्त, आणि संख्येशी सहमूळ असलेल्या, म्हणजे एकाखेरीज सामाईक विभाजक नसलेल्या, लहान संख्यांची गणना केवळ एकने कमी. पानावर कोठेही ‘हे सिद्ध झाले आहे’ किंवा ‘हे बहुधा असे आहे’ असा भेद केलेला नव्हता. उत्तर चुकले याचे मला तितके वाईट वाटले नाही. ते कशाच्या आधारावर दिले हे विचारायला जागाच ठेवलेली नव्हती, याचे वाटले.

पारी/जीपी हा फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात आँरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला प्रकल्प आहे. पुढे करीम बेलाबास यांच्या देखरेखीखाली तो वाढला. ‘पारी’ हा सी भाषेत लिहिलेला गणिती कार्यांचा संग्रह, आणि ‘जीपी’ म्हणजे त्या संग्रहाशी टंकून संवाद साधण्याची खिडकी. जीपीएल या मुक्त परवान्याखाली तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. संगणकावर तो बसवता येतो, ब्राउझरमध्येही चालतो, आणि भ्रमणध्वनीसाठीही त्याची आवृत्ती आहे. उघडल्यावर दिसतो तो कोरा पडदा आणि एक प्रश्नचिन्ह. पहिल्या भेटीत यामुळे थोडे बिचकायला होते, हे मान्य करायला हवे.

त्या प्रश्नचिन्हापुढे मी ‘फॅक्टर’ ही आज्ञा देऊन आपली संख्या टंकली. डोळ्याचे पाते लवायच्या आत तीन ओळींची सारणी आली: १५१, ७५१ आणि २८,३५१, प्रत्येकाचा घात एक. गुणून पाहणे कठीण नाही. १५१ गुणिले ७५१ म्हणजे १,१३,४०१, आणि त्याला २८,३५१ ने गुणले की आपली संख्या जशीच्या तशी हाती येते. संख्या संयुक्त आहे हे इथेच निर्विवाद ठरते, कारण अवयव समोर असल्यावर कोणत्याही कसोटीचा आधार घ्यावा लागत नाही.

पुढचे गुणधर्म एकेका आज्ञेत मिळतात. विभाजक आठ: १, १५१, ७५१, २८,३५१, १,१३,४०१, ४२,८१,००१, २,१२,९१,६०१ आणि स्वतः संख्या. त्यांची एकूण बेरीज ३,२४,०७,४७,००८. संख्या स्वतः वगळली तर उरलेल्या विभाजकांची बेरीज केवळ २,५७,१५,२५७ भरते, म्हणजे संख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. तिच्याशी सहमूळ असलेल्या लहान संख्या ३,१८,९३,७५,००० इतक्या आहेत. आठने भागल्यावर बाकी सात उरते, आणि एवढ्यावरून तिच्याविषयी एक सुंदर गोष्ट कळते: ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, तीन वर्गांचीही नाही, तिला पूर्ण चार वर्ग लागतात. हे तिच्या दशमान लेखनावर अवलंबून नाही, आणि ती कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी बदलत नाही.

गुणधर्मांची पाने भरणारी अनेक साधने हा भेद पाळत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. अंकांची बेरीज २८ आहे, उलटी लिहिल्यावर ती अमुक होते, तिच्यात एक हा अंक तीनदा येतो, ही माहिती आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून खरी आहे. बाराच्या पायावर लिहिणाऱ्याला ती पूर्णपणे वेगळी दिसेल. तीन मूळ अवयव, आठ विभाजक आणि चार वर्गांची गरज हे मात्र संख्येचे स्वतःचे गुण आहेत. जीपीमध्ये दोन्ही प्रकारची उत्तरे मिळतात, पण मागितल्याशिवाय एकही मिळत नाही, आणि त्यामुळे आपण नेमके काय विचारतो आहोत हे आपल्यालाच आधी ठरवावे लागते. मला ही शिस्त आवडते.

संख्येच्या आकाराबद्दल एक लहानशी नोंद. आपली संख्या २ च्या ३१ व्या आणि ३२ व्या घाताच्या मध्ये पडते. जे कार्यक्रम पूर्ण संख्या ३२ बिटांत चिन्हासह साठवतात, त्यांच्यात ती मावत नाही आणि उणे १,०७,९९,३५,५४५ अशी उलटून दिसते. जीपीमध्ये पूर्ण संख्येला अशी ठरावीक मर्यादा नाही. स्मृती पुरेल तेवढे अंक तिला चालतात.

आता मुख्य प्रश्न. या संख्येने ते अ‍ॅप का फसले असावे, आणि जीपीला ते कारण उलगडून दाखवता येते का? माझ्या लेखी परीक्षणाचा खरा भाग हाच आहे, कारण नुसते बरोबर उत्तर देणारी साधने इतरही आहेत.

एखादी संख्या मूळ असेल, तर तिने भाग न जाणारा कोणताही पाया घेऊन त्याला संख्येपेक्षा एकने कमी इतका घात द्यावा आणि संख्येने भागावे. बाकी एक उरतेच. हा फर्माचा नियम. पण उलट बाजूने तो पक्का नाही. काही संयुक्त संख्याही त्याच्यातून पार पडतात, आणि कार्माइकेल संख्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संख्या तर आपल्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायावर पार पडतात. सर्वांत लहान कार्माइकेल संख्या ५६१. अशा संख्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये आल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स यांनी सिद्ध केले. आपली संख्याही कार्माइकेल आहे काय? जीपीची ‘झेडएनस्टार’ ही आज्ञा सहमूळ संख्यांच्या गटाची रचना सांगते, आणि तिच्या उत्तरात सर्वांत मोठे चक्र १,४१,७५० लांबीचे येते. हाच १५०, ७५० आणि २८,३५० यांचा लसावि, आणि इतका घात दिला की प्रत्येक सहमूळ पायाची बाकी एक येते. आपल्या संख्येतून एक वजा करून त्याला १,४१,७५० ने भागले तर भागाकार नेमका २२,६८१ येतो, बाकी शून्य. म्हणजे होय, ती कार्माइकेल आहे. साध्या फर्मा कसोटीसाठी यादृच्छिक पाया निवडला तर शंभरातील नव्याण्णवांहून अधिक वेळा ही संख्या मूळ असल्यासारखीच वागेल.

म्हणून जाणकार लोक त्याहून कडक कसोटी वापरतात. गॅरी मिलर आणि मायकेल रॅबिन यांच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्या संख्येतून एक वजा केल्यावर जे उरते ते एका विषम संख्येच्या दुप्पट आहे. त्यामुळे इथे ही कसोटी एका पायरीत आटोपते. पायाला १,६०,७५,१५,८७५ इतका घात द्यायचा आणि संख्येने भागायचे. संख्या मूळ असेल तर बाकी एक उरेल, किंवा संख्येपेक्षा एकने कमी उरेल. तिसरे काही उरले तर ती संयुक्त.

जीपीमध्ये हे ‘मॉड’ लिहून करायचे असते. इथे नवख्या माणसाने सावध राहावे. ‘मॉड’ न लावता आधी घात आणि मग भागाकार असे लिहिले, तर केवळ २ चा तो घातच सुमारे ४८ कोटी अंकांचा होतो, आणि तो पूर्ण मांडण्याच्या नादात स्मृती संपल्याचा संदेश येऊ शकतो. ‘मॉड’ लावले की प्रत्येक टप्प्यावर बाकी घेतली जाते आणि काम तत्क्षणी होते.

पाया २: बाकी १. पाया ३: बाकी ३,२१,५०,३१,७५०, म्हणजे एकने कमी (बाक्यांच्या हिशेबात हीच उणे एक). पाया ५: पुन्हा १. पाया ७: पुन्हा एकने कमी. चारही वेळा संख्या निर्दोष ठरली. आणि २, ३, ५, ७ यांपासून गुणाकाराने बनणारे ६, १०, १४, १५ असे पाया घेतले तरी हेच होणार, कारण एक आणि उणे एक यांचा गुणाकार पुन्हा त्या दोहोंपैकीच एक असतो. एक ते दहा हे सगळे पाया फसतात.

मग मी ११ टंकले. उत्तर आले २,१२,९१,६०,०९९.

हे उत्तर जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ते एक नाही, आणि एकने कमीही नाही. तेव्हा संख्या संयुक्त ठरलीच. पण त्यात एक मिळवा: २,१२,९१,६०,१००. शेवटची दोन शून्ये झाका. उरते २,१२,९१,६०१, आणि ही संख्या आपण विभाजकांच्या यादीत पाहिलेली आहे. ती ७५१ आणि २८,३५१ यांचा गुणाकार. उत्तरातून एक वजा करून आपल्या संख्येशी मसावि काढला, तर जीपी १५१ देते. ज्या पायाने सोंग उघडे पाडले, त्यानेच अवयवही हाती दिले.

असे का झाले, हेही जीपीला विचारता येते. आपल्या तीन मूळ अवयवांपैकी प्रत्येकाला चारने भागल्यावर तीन उरतात, आणि प्रत्येकापेक्षा एकने कमी असलेली संख्या आपल्या संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येला विषम पटीत भागते. त्यामुळे कसोटीचे उत्तर एकाच गोष्टीवर येऊन ठेपते: एखाद्या पूर्ण वर्गाला त्या अवयवाने भागल्यावर पायाइतकी बाकी उरू शकते का. उरू शकत असेल तर त्या अवयवापुरते उत्तर एक, नसेल तर उणे एक. तिन्ही अवयव एकाच सुरात बोलले की संख्या सुटते. ‘क्रोनेकर’ ही आज्ञा हा सूर सांगते. पाया २ साठी तिन्ही ‘एक’ म्हणतात, ३ साठी तिन्ही ‘उणे एक’, ५ साठी तिन्ही ‘एक’, ७ साठी तिन्ही ‘उणे एक’. अकराला हे एकमत मोडते. ३९ चा वर्ग १,५२१. त्याला १५१ ने भागले तर बाकी बरोबर ११, म्हणून १५१ ‘एक’ म्हणतो. ७५१ आणि २८,३५१ यांच्यासाठी असा वर्ग अस्तित्वातच नाही, म्हणून ते दोघे ‘उणे एक’ म्हणतात. कागदावर हे पडताळायला अर्धा तास पुरतो, आणि ज्याला वर्गांच्या बाक्यांचा विषय शिकायचा आहे त्याला यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

तीन जणांचे एकमत चार पायांवर योगायोगाने जुळले, तरी सगळ्या पायांवर जुळणार नाही. किती पायांवर जुळते? हिशेब केला तर ७९,७३,४३,७५० इतके पाया या संख्येला खोटी साक्ष देतात, म्हणजे सहमूळ संख्यांच्या नेमके एक चतुर्थांश. मोठ्या विषम संयुक्त संख्येला याहून जास्त खोटे साक्षीदार मिळूच शकत नाहीत असे सिद्ध झालेले आहे. म्हणजे ही संख्या त्या मर्यादेच्या अगदी काठावर उभी आहे. कडक कसोटीच्या दृष्टीने यापेक्षा वाईट संख्या असणे शक्य नाही. तरीही यादृच्छिक वीस पाया घेतले तर ती सुटण्याची शक्यता चाराच्या विसाव्या घातात एक, म्हणजे एक लाख कोटींत एकाहूनही कमी. अ‍ॅपची अडचण कसोटीची नव्हती. ठरलेल्या चार पायांवर थांबण्याची असावी.

या संख्येची आणखी एक बाजू मला जीपीशी खेळतानाच सापडली, आणि ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १५१ आणि ७५१ यांच्या गुणाकारातून एक वजा केला तर १,१३,४०० येतात, आणि ते २८,३५० च्या बरोबर चौपट आहेत. कार्माइकेल असण्यासाठी असा भाग जाणे आवश्यकच असते. पण याचा अर्थ असा की १,१३,४०१ हा गुणाकार आणि २८,३५१ ची चौपट, म्हणजे १,१३,४०४, यांच्यात फक्त तीनचा फरक आहे. दोन अवयव इतके जवळ आले की फर्माची दोन वर्गांच्या वजाबाकीची जुनी रीत लागू पडते. संख्येला १६ ने गुणा आणि ९ मिळवा: ५१,४४,०५,०८,०२५. जीपीला हा पूर्ण वर्ग आहे का विचारले तर ते होकार देते. तो २,२६,८०५ चा वर्ग आहे. आता २,२६,८०५ मधून तीन वजा करा आणि तीन मिळवा. २,२६,८०२ आणि २,२६,८०८ मिळतात. पहिल्याला दोनने भागले की १,१३,४०१, दुसऱ्याला आठने भागले की २८,३५१. ज्या घडणीमुळे ही संख्या कसोट्यांना चकवते, त्याच घडणीमुळे ती एका वर्गमुळात फुटते. हे मला कोणत्याही गुणधर्मांच्या पानावर आयते मिळाले नसते.

आता जीपीच्या प्रामाणिकपणाविषयी, कारण अ‍ॅपवर जो आक्षेप घेतला तो इथेही लावून पाहिला पाहिजे. मूळ असणे तपासायला इथे दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘इजस्यूडोप्राइम’ ही शक्यता सांगते, ‘इजप्राइम’ ही सिद्धता करून सांगते. नावातच भेद ठेवला आहे, याचे मोल मोठे आहे. पहिली आज्ञा, वेगळे काही सांगितले नाही तर, दोनच्या पायावरची कडक कसोटी आणि त्याच्या जोडीला ल्यूका अनुक्रम नावाच्या संख्यामालिकांवर आधारलेली दुसरी, वेगळ्या जातीची कसोटी घेते. या जोडीला फसवणारी एकही संयुक्त संख्या २ च्या ६४ व्या घातापर्यंत, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ पर्यंत नाही, हे तपासून पक्के झाले आहे. त्यापलीकडेही आजवर एकही सापडलेली नाही. त्यामुळे आपल्या दहा अंकी संख्येसाठी दोन्ही आज्ञा सारख्याच विश्वसनीय आहेत.

मात्र एक बाब प्रत्येक वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावी. खूप मोठ्या संख्येचे अवयव पाडताना ‘फॅक्टर’ जे मोठे अवयव देते, ते एरवी वरच्या जोड-कसोटीतून पार पडलेले असतात, सिद्ध केलेले नसतात. सिद्धता हवी असेल तर ‘फॅक्टर प्रूव्हन’ या सोयीचे मूल्य एक करावे लागते. मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिले आहे, पण उत्तराच्या सारणीत त्याची खूण दिसत नाही. ती दिसावी असे मला तीव्रतेने वाटते. याउलट ‘प्राइमसर्ट’ ही आज्ञा मूळ असल्याचा दाखला तयार करून देते, तो दुसऱ्या कार्यक्रमात तपासता येतो, आणि तिथे विश्वास ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. ही सोय पाहून मला फार आनंद झाला.

वेगाविषयी थोडक्यात. २ चा १२८ वा घात अधिक एक ही ३९ अंकी संख्या १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी फोडली तेव्हा ती मोठी कामगिरी मानली गेली. जीपी साध्या संगणकावर तिचे ५९६४९५८९१२७४९७२१७ आणि ५७०४६८९२००६८५१२९०५४७२१ हे दोन अवयव विचार करायलाही वेळ न देता पुढे ठेवते. परंतु शंभराहून अधिक अंकांची, दोन जवळपास समान आकाराच्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली संख्या असेल, तर हे साधन त्या कामाचे नाही. तिथे कॅडो-एनएफएससारखे खास कार्यक्रम लागतात. २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या २०२० मध्ये त्याच्याच मदतीने फुटली.

गैरसोयी आहेत. आज्ञांची नावे इंग्रजी आहेत आणि मार्गदर्शिकाही इंग्रजीच. आज्ञेच्या आधी प्रश्नचिन्ह टंकले की थोडक्यात माहिती मिळते, दोन प्रश्नचिन्हे टंकली की सविस्तर, पण ती गणिताचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. उत्तरातील मोठ्या संख्यांत स्वल्पविराम नसतात. तीस अंक सलग वाचताना डोळे चुकतात आणि नक्कल करताना एखादा अंक गळतो. आपण स्वल्पविराम घालून संख्या लिहिली तर जीपी त्याचा अर्थ वेगवेगळे घटक असा लावते आणि आज्ञा चुकते. एका बैठकीत सगळे गुणधर्म पानभर पाहायचे असतील तर पाच-सहा ओळींचे स्वतःचे कार्य लिहून ठेवावे लागते. मी तसे ठेवले आहे, आणि एकदा लिहिल्यावर ते वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

ज्यांना केवळ एखाद्या संख्येचे अवयव हवे आहेत आणि पुढे काही विचारायचे नाही, त्यांना हा कोरा पडदा जड वाटेल. शाळेच्या वरच्या वर्गांतील जिज्ञासू विद्यार्थी, गणित शिकवणारे शिक्षक, आणि ‘हे असे का?’ हा प्रश्न पडल्यावर ज्यांना स्वस्थ बसवत नाही अशा सर्वांना मी पारी/जीपी निःसंकोच सुचवतो. उत्तर मिळाल्यावर दुसरा प्रश्न विचारता येतो, आणि दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावर तिसरा. मला या साधनाचे सर्वांत जास्त अप्रूप त्याचेच आहे.

त्या अ‍ॅपच्या कर्त्यांना मी चूक कळवली आहे. दुरुस्ती अगदी लहान आहे: चार पायांना ११ ची जोड दिली तरी पुढची फसवी संख्या थेट २१,५२,३०,२८,९८,७४७ वर येते, आणि ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या पाया म्हणून घेतल्या तर २ च्या ६४ व्या घातापर्यंत एकही चूक होणार नाही, हेही सिद्ध झालेले आहे. पत्र पाठवण्यापूर्वी ती पुढची संख्या मी जीपीला देऊन पाहिली. पाचही पायांवर ती निर्दोष ठरली. मग ‘फॅक्टर’ टंकले, आणि ६,७६३, १०,६२७, २९,९४७ अशा तीन ओळी आल्या.